वर्षअखेरच्या सुट्ट्यांत भरती थांबवावी का?

प्रश्न थोडक्यात असा: "आमची साठेक माणसांची कंपनी आहे. नोव्हेंबरच्या मध्यावर चार जागा रिकाम्या आहेत: एक अनुभवी अकाउंटंट, ग्राहकसेवेत दोघं आणि एक सीनियर इंजिनीअर. वरिष्ठ म्हणतात, आता सगळे सुट्टीच्या मूडमध्ये आहेत, जानेवारीत बघू. एचआरमध्ये मी एकटीच आहे. खरंच थांबावं का? नाही थांबायचं तर डिसेंबरमध्ये नेमकं काय करावं?"

थांबू नका. पण चारही जागांना एकच उत्तर लागू पडणार नाही, तेव्हा जरा तपशिलात जाते.

आधी तारखांचा हिशेब मांडा, कारण "जानेवारीत बघू" म्हणणाऱ्यांनी तो क्वचितच मांडलेला असतो. समजा, तुमची प्रक्रिया जाहिरातीपासून ऑफरपर्यंत चार आठवड्यांची आहे. आज सुरुवात केलीत तर 12 डिसेंबरच्या आसपास ऑफर लेटर हातात पडेल. उमेदवारानं 15 डिसेंबरला राजीनामा दिला आणि नोटीस पिरियड 60 दिवसांचा असला, तर तो 13 फेब्रुवारीला मोकळा होतो. तेच काम 8 जानेवारीला सुरू केलंत तर ऑफर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, राजीनामा 9 फेब्रुवारीच्या सुमारास आणि माणूस मोकळा होणार 10 एप्रिलला. प्रत्यक्ष सुट्टी दहा-बारा दिवसांची, विराम मात्र आठ आठवड्यांचा. नोटीसचे दिवस सुट्टीतही मोजले जातात, हा डिसेंबरचा मोठा फायदा आहे. त्या काळात ऑफिस बंद असलं तरी तुमचा होणारा कर्मचारी जुन्या नोकरीतले दिवस भरतच असतो.

आता "सगळे सुट्टीवर आहेत" या वाक्यातले "सगळे" म्हणजे कोण, ते बघू. अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागाचं 'जॉल्ट्स' नावाचं सर्वेक्षण आहे. रिकाम्या जागा, नेमणुका आणि नोकऱ्या सोडणं यांची त्यांच्याकडची मासिक आकडेवारी डिसेंबर 2000 पासूनची आहे. बातम्यांत येतात ते ऋतुमानाचा परिणाम काढून टाकलेले आकडे, म्हणून डिसेंबरचा खड्डा तिथे दिसत नाही. मूळ आकडे पाहिले तर डिसेंबरमध्ये नेमणुका घटतात आणि जानेवारीत उसळी घेतात. घटतात, पण तेव्हाही त्या लाखोंच्या संख्येत असतात. माझ्या अनुभवात ही घट मुख्यतः कंपन्यांच्या बाजूची असते. मंजुरी देणारे रजेवर, पॅनेलमधले रजेवर, सही करणारे रजेवर. उमेदवार उलट या दिवसांत जास्त मोकळे असतात. भर दुपारी मुलाखत द्यायला त्यांना खोटं कारण सांगून बाहेर पडावं लागत नाही. वर्ष संपताना अप्रेझलचं चित्र स्पष्ट झालेलं असतं, बढती कुणाला मिळाली आणि कुणाची हुकली हे कळलेलं असतं. एरवी निरोपाला उत्तरही न देणारी माणसं डिसेंबरात "बोलू या" म्हणतात.

म्हणून डिसेंबरच्या भरतीचं खरं काम आपल्याच लोकांच्या कॅलेंडरवर करायचं असतं. या आठवड्यात पहिली गोष्ट कराल तर ती ही: प्रत्येक जागेसाठी कोण मुलाखत घेणार, कोण होकार देणार, पगाराचा आकडा कोण मंजूर करणार आणि ऑफर लेटरवर कोण सही करणार, त्यांची नावं लिहा. प्रत्येकाच्या नावापुढे त्यांच्या रजेच्या तारखा टाका. मग एक प्रश्न विचारा: ही व्यक्ती नसताना तिच्या वतीनं कोण? सहीचा अधिकार दुसऱ्याला द्यायचा असेल तर तो ई-मेलवर, तारखांसह, पगाराच्या कमाल मर्यादेसह लिहून घ्या. "अडचण आली तर फोन करा" या आश्वासनावर विसंबू नका. डोंगरात गेलेल्या संचालकाचा फोन लागत नाही आणि लागला तर तो "परत आल्यावर बोलू" एवढंच म्हणतो.

हे कागदावर आलं की कोणत्या जागा डिसेंबरमध्ये पूर्ण करता येतील ते आपोआप दिसतं. ज्या जागेसाठी लागणारी तीन माणसं डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात दोन अर्धे दिवस एकत्र मिळत नाहीत, त्या जागेच्या मुलाखती डिसेंबरात लावूच नका. अर्धवट प्रक्रिया ही न सुरू केलेल्या प्रक्रियेपेक्षा वाईट. पहिली फेरी 10 डिसेंबरला आणि दुसरी 14 जानेवारीला, असं झालं की चांगला उमेदवार मधल्या काळात दुसरीकडे गेलेला असतो. जो थांबतो तोही तुमच्याबद्दल काही मत बनवूनच थांबतो.

आता तुमच्या चार जागा.

अकाउंटंटची जागा वेळेच्या दृष्टीनं सगळ्यांत अवघड आहे. तुमचं आर्थिक वर्ष कधी संपतं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण त्यावर बरंच अवलंबून आहे. जानेवारी ते डिसेंबर असं वर्ष पाळणाऱ्या कंपन्यांत अनुभवी लेखापाल डिसेंबर-जानेवारीत हिशेब बंद करण्यात बुडालेले असतात. आत्ता बोलणी होऊ शकतात, पण वार्षिक हिशेब अर्ध्यात टाकून कुणी येणार नाही, आणि येणाऱ्याकडे मी जरा संशयानंच पाहीन. भारत किंवा जपानसारखं एप्रिल ते मार्च वर्ष असलेल्या ठिकाणी डिसेंबर हा तिमाहीचा शेवट. तिथे आत्ता ऑफर देऊन मार्चपूर्वी माणूस आणता येतो, मात्र उशीर झाला की तो मे महिन्यावर जातो. ऑस्ट्रेलियात वर्ष जूनअखेर संपतं आणि तिथला डिसेंबर-जानेवारी हा भर उन्हाळ्याचा, लांब रजांचा काळ. उमेदवार ज्या कंपनीत आहे तिचं वर्ष कुठलं, हे पहिल्याच फोनवर विचारा. त्याचा बोनसशीही थेट संबंध आहे.

बोनसवर जरा थांबते, कारण डिसेंबरच्या ऑफर इथेच जास्त फसतात. पुष्कळ कंपन्यांत बोनस किंवा व्हेरिएबल पे (कामगिरीनुसार बदलणारा पगाराचा भाग) वर्ष संपल्यावर दोन-तीन महिन्यांनी हातात पडतो. आणि करारात बहुधा अट असते की पैसे जमा होण्याच्या दिवशी माणूस नोकरीत असला पाहिजे, काही ठिकाणी तर नोटीसवरही असता कामा नये. म्हणजे डिसेंबरात आनंदानं "हो" म्हणणारा उमेदवार मार्चचा बोनस हातात पडेपर्यंत राजीनामाच देत नाही. मग 60 दिवसांची नोटीस धरून तो मेअखेरीस उगवतो. यात त्याची लबाडी काही नाही, कुणीही वर्षभराच्या कमाईवर पाणी सोडणार नाही. चूक विचारणाऱ्याची. "सध्याचा पगार किती" एवढं विचारून भागत नाही. त्यातला बोनस किती, तो कधी मिळतो आणि नोटीसवर असताना मिळतो का, हे तिन्ही विचारा.

उत्तर आल्यावर तुमच्यापुढे दोनच प्रामाणिक मार्ग आहेत. एक, बोनस मिळेपर्यंत थांबायचं आणि तशी तारीख लेखी ठरवायची. दोन, बुडणाऱ्या रकमेची भरपाई जॉइनिंग बोनसच्या रूपात करायची, सोबत ठरावीक मुदतीत, बहुधा वर्षभराच्या आत, नोकरी सोडल्यास ती परत करण्याची अट. ही अट ऑफर लेटरमध्ये ठळक असू द्या. तिसरा मार्ग म्हणजे "आमच्याकडे वाढीची संधी मोठी आहे" असं सांगत बसणं. त्यानं काही होत नाही.

सीनियर इंजिनीअरच्या बाबतीत मी जाहिरात देणारच नाही, निदान आत्ता नाही. बऱ्याच नोकरीच्या पोर्टलवर सशुल्क जाहिरात महिनाभर चालते. डिसेंबरच्या मध्यावर टाकलीत तर विकत घेतलेले निम्मे दिवस सुट्टीत वाया जातात. जाहिरातीचे पैसे जानेवारीच्या पहिल्या कामाच्या आठवड्यासाठी राखून ठेवा, नव्या वर्षाचे संकल्प केलेली मंडळी तेव्हा रांगा लावतात. डिसेंबर हा थेट संपर्काचा महिना आहे. गेल्या वर्ष-दीड वर्षात तुमच्याकडे मुलाखत देऊन अगदी थोडक्यात मागे पडलेले उमेदवार शोधा. ज्यांनी तुमची ऑफर नाकारली होती त्यांना विचारा, नवी नोकरी कशी चालली आहे. सध्याच्या कर्मचाऱ्यांना नावं सुचवायला सांगा. सुट्टीत ते जुन्या सहकाऱ्यांना भेटणारच असतात, तेव्हा जागेची माहिती चार ओळींत लिहून त्यांच्या फोनवर पाठवून द्या. पाच पानी जॉब डिस्क्रिप्शन कुणी पुढे पाठवत नाही.

अर्जाचा फॉर्मही एकदा स्वतः फोनवर भरून पाहा. सुट्टीत लोक प्रवासात, नातेवाइकांच्या घरी, अंथरुणात पडल्या पडल्या नोकऱ्या चाळतात. रेझ्युमे जोडल्यावर तीच सगळी माहिती पुन्हा रकान्यांत भरायला लावणारा फॉर्म तिथे अर्ध्यातच सोडला जातो. आणि अर्जाची शेवटची तारीख 31 डिसेंबर ठेवू नका. त्या दिवशी तो अर्ज कुणी उघडणार नाही, हे उमेदवारालाही माहीत असतं.

ग्राहकसेवेच्या दोन जागांसाठी तुम्हाला एक वेगळी संधी आहे आणि ती फार जण वापरत नाहीत. किरकोळ विक्री, गोदामं, डिलिव्हरी, हॉटेलं या क्षेत्रांत सणासुदीच्या गर्दीसाठी हंगामी माणसं घेतली जातात. ती भरती सप्टेंबर-ऑक्टोबरपासूनच सुरू होते आणि डिसेंबरअखेर किंवा जानेवारीत त्यांचे करार संपतात. गर्दी, चिडलेली गिऱ्हाइकं, उशीर, परतीचा माल हे सगळं ज्यांनी ऐन हंगामात शांतपणे हाताळलं, त्यांच्याबद्दल मुलाखतीतून कळेल त्यापेक्षा जास्त आधीच कळलेलं असतं. तुमच्याकडेच असे हंगामी कर्मचारी असतील तर करार संपायच्या निदान दोन आठवडे आधी बोला. निरोप घेऊन गेलेला माणूस पुन्हा मिळवणं कठीण, पुढच्या महिन्याचं भाडं त्यालाही भरायचं असतं. तुमच्याकडे नसतील तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असा अनुभव असलेल्यांनाच उद्देशून जाहिरात द्या. नोटीस पिरियड नसल्यानं ते लगेच रुजू होऊ शकतात.

मुलाखतींबद्दल एक आग्रह धरते. डिसेंबरात घाई असते आणि घाईत "गप्पा मारून बघू, माणूस कसा वाटतो ते" असं होतं. 1998 मध्ये फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी निवडपद्धतींवरच्या 85 वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. मुलाखतीतले गुण आणि पुढे प्रत्यक्ष कामातली कामगिरी यांचा सहसंबंध (0 म्हणजे काहीच मेळ नाही, 1 म्हणजे पूर्ण मेळ) रचनाबद्ध मुलाखतीत 0.51 आणि मोकळ्या गप्पांत 0.38 निघाला. पुढे 2022 मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी त्या हिशेबातल्या सांख्यिकी दुरुस्त्या तपासल्या, तेव्हा आकडे खाली आले: रचनाबद्ध 0.42, मोकळ्या 0.19. पण अंतर उलट वाढलं, आणि तपासलेल्या पद्धतींच्या यादीत रचनाबद्ध मुलाखत सगळ्यांत वर आली. रचनाबद्ध म्हणजे फार काही नाही. सगळ्यांना तेच पाच-सहा प्रश्न, त्याच क्रमानं, आणि चांगलं, मध्यम, कच्चं उत्तर कसं असेल हे आधी लिहिलेलं. सुट्टीच्या काळात याचा आणखी एक उपयोग होतो. पॅनेलमधली एक व्यक्ती रजेवर गेली तरी तिचे गुण आणि टिपणं मागे राहतात आणि निर्णय अडत नाही. फक्त गुण त्याच संध्याकाळी लिहून घ्या. तीन आठवड्यांच्या सुट्टीनंतर कुणाला शेवटच्या उमेदवाराखेरीज कुणी आठवत नाही.

दोन फेऱ्या असतील तर एकाच दिवशी घ्या. व्हिडिओ मुलाखतीत मागून लहान मुलांचा आवाज आला किंवा उमेदवार कुणाच्या तरी पाहुण्यांच्या खोलीत बसलेला दिसला, तर तो निकष धरू नका. तारीख देताना दोन-तीन पर्याय द्या आणि निवड त्याच्यावर सोडा. कुणाचा सण कधी, याचा अंदाज नावावरून बांधू नका, आणि "सुट्टीत काय बेत, कुठला सण साजरा करता" असले प्रश्न गप्पांतही नकोत. सुट्टीच्या दिवशी काम करावं लागणार असेल, ग्राहकसेवेत ते बहुधा असतंच, तर ती कामाची अट म्हणून सांगा आणि सगळ्यांना सारखीच विचारा.

परदेशातले उमेदवार असतील तर "सात जानेवारीपासून सगळं सुरळीत" हे गृहीत धरू नका. जपानमध्ये सरकारी कार्यालयं 29 डिसेंबर ते 3 जानेवारी बंद असतात. स्पेनमध्ये 6 जानेवारीची सुट्टी असते, सर्बियासारख्या ऑर्थोडॉक्स परंपरेच्या देशांत नाताळच 7 जानेवारीला येतो. चिनी नववर्ष 21 जानेवारी ते 20 फेब्रुवारी यांच्या दरम्यान कधीतरी पडतं आणि तिथे नोकरी बदलण्याची लाट बहुधा त्यानंतरच येते.

ऑफरच्या टप्प्यावर डिसेंबरात दोन गोष्टी कटाक्षानं पाळा. लेखी ऑफर हातात पडण्याआधी उमेदवाराला राजीनामा द्यायला सांगू नका, सुचवूही नका. सही करणारा रजेवर गेला, तिकडे उमेदवारानं तोंडी शब्दावर राजीनामा दिला आणि जानेवारीत नव्या बजेटमध्ये जागाच गोठवली गेली, असं घडतं. त्यात एका माणसाचं घर अडचणीत येतं. दुसरी गोष्ट, ऑफरवर "24 तारखेपर्यंत होकार कळवा" अशी टांगती तलवार ठेवू नका. सुट्टीत माणूस घरच्यांशी, मित्रांशी सविस्तर बोलतो, त्याला ते बोलू द्या. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातली तारीख द्या आणि मधे एकदा, 28-29 तारखेच्या सुमारास, "काही शंका आहे का" एवढाच निरोप पाठवा. दबावाखाली आलेला होकार काउंटर ऑफरपुढे, म्हणजे जुन्या कंपनीनं थांबवून ठेवायला देऊ केलेल्या वाढीव पगारापुढे, टिकत नाही, आणि जुनी कंपनी काउंटर ऑफर देणार ती जानेवारीत, सगळे कामावर परतल्यावरच.

ज्यांची प्रक्रिया मधेच थांबणार आहे त्यांना ते थेट कळवा: "आमचं ऑफिस अमुक ते अमुक तारखेला बंद आहे, तुमच्याबद्दलचा निर्णय 9 जानेवारीपर्यंत कळवू, तोवर काही विचारायचं असेल तर या व्यक्तीशी बोला." तीन आठवड्यांची शांतता उमेदवार नकार म्हणूनच वाचतो. आणि 9 तारीख दिलीत तर 9 तारखेला कळवा, निर्णय झाला नसेल तर "झालेला नाही" हे कळवा.

बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनची कागदपत्रं डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच गोळा करा. विद्यापीठं आणि जुन्या कंपन्यांचे एचआर विभाग बंद असल्यानं एरवी आठवड्याचं काम महिनाभर लांबतं. ऑफर "पडताळणीच्या अधीन" अशी देता येते, पण मग त्याचा अर्थ उमेदवाराला नीट समजावून सांगा.

रुजू होण्याची तारीख हा लोक गंमतीनं ठरवतात असा विषय आहे. "नव्या वर्षी नवी सुरुवात, 2 जानेवारी!" त्या दिवशी मॅनेजर रजेवर, आयटीचा एकच माणूस, लॅपटॉप आलेला नाही, ओळखपत्राचं मशीन चालवणारा सोमवारी येणार. नवा माणूस रिकाम्या मजल्यावर कंपनीची धोरणं वाचत बसतो. शक्यतो जानेवारीचा दुसरा सोमवार निवडा, आणि मॅनेजर त्या आठवड्यात जागेवर आहे ना, हे आधी पाहा. डिसेंबरातच कुणी रुजू होणार असेल तर पगाराची प्रक्रिया त्या महिन्यात लवकर बंद होते, हे लक्षात ठेवा. पहिला पगार जानेवारीच्या पगारासोबत येणार असेल तर तसं आधी सांगा. आणि त्यानं आधीच तिकिटं काढलेली रजा असेल तर ती ऑफरच्या वेळीच मान्य करून लिहून द्या.

भरती सल्लागार कंपनीची मदत घेत असाल तर एवढं ध्यानात ठेवा: त्यांच्यापैकी अनेकांचं वार्षिक उद्दिष्ट डिसेंबरअखेर मोजलं जातं. "हा उमेदवार 30 तारखेनंतर मिळणार नाही" यातली घाई कुणाची आहे ते आधी विचारून घ्या. उमेदवाराशी स्वतः एकदा बोललात की दहा मिनिटांत कळतं.

थांबायला खरोखर कारण असतं ते दोनच प्रसंगी. पुढच्या वर्षाच्या आराखड्यात त्या पदाचं काम किंवा वरिष्ठ बदलणार असेल, किंवा कंपनीत कपातीची चर्चा चालू असेल. दोन्ही वेळा माणूस आणून त्याची फसवणूक होते. मात्र "बजेट 31 तारखेला संपतंय, आत्ता भरलं नाही तर जागा जाईल" म्हणून कुणालाही घेणं हेही तितकंच वाईट. त्यापेक्षा वित्त विभागाकडून जागा पुढच्या वर्षात ओढून नेण्याची परवानगी नोव्हेंबरातच लेखी मागा. मागणाऱ्याला ती अनेकदा मिळते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मागितली तर देणाराही जागेवर नसतो.

तुमच्या वरिष्ठांकडे जाताना वाद घालायला जाऊ नका, वर मांडलेला तारखांचा तक्ता घेऊन जा: चार जागा, प्रत्येकीपुढे "आज सुरू केलं तर कधी रुजू" आणि "8 जानेवारीला सुरू केलं तर कधी रुजू". खाली तीनच मागण्या लिहा. पहिल्या पंधरवड्यात पॅनेलचे दोन अर्धे दिवस, पगाराच्या मर्यादेला आत्ताच मंजुरी आणि रजेच्या काळात सही करणाऱ्याचं नाव. तिन्ही मिळाल्या तर इंजिनीअर आणि अकाउंटंट यांची बोलणी या सोमवारपासून सुरू करा, ग्राहकसेवेच्या जाहिरातीचा मजकूर तयार करून जानेवारीसाठी ठेवा. सहीचं नाव मिळालं नाही तर मुलाखती घ्या, गुण लिहा, पण कुणालाही तोंडी ऑफर देऊ नका.